टी-शर्टची साईज विचारतात, किती पळालात ते कुणी विचारत नाही

पोस्ट मोठी आहे. पळणाऱ्यांनी पूर्ण वाचा, न पळणाऱ्यांनी घरातल्या पळणाऱ्याला वाचायला लावा. शिव्या द्यायच्या असतील तर शेवटी द्या, मी कमेंट बंद केलेल्या नाहीत.

मागच्या हंगामात एका सोमवारी पेपरात माझ्या नावाने बातमी लागली. सोलापूरच्या सुपुत्राने पार केली पन्नास किलोमीटरची डोंगरी शर्यत. फोटोत गळ्यात मेडल, हातात तिरंगा, दोन्ही बाजूंना दोन कार्यकर्ते. सुपुत्र म्हणजे माझा शाळासोबती. वय चव्वेचाळीस, स्पेअर पार्टचं दुकान, दोन मुलं, पोट माझ्यापेक्षा थोडं कमी. त्याच दिवशी सकाळी साडेनऊला वहिनींचा फोन आला. मला वाटलं, आभार मानायला केला असेल.

"भाऊजी, पेपरात फोटो आलाय. अन् हे इथं आयसीयूत आहेत. किडनी चालेना म्हणतायत."

त्या पुढे काय बोलल्या ते लिहीत नाही. एक वाक्य मात्र लिहितो, कारण ते तेव्हापासून डोक्यातून जात नाही. "तुम्ही विचारलं का नाही त्यांना, की झेपतंय का?"

विचारलं होतं हो वहिनी. पण कसं विचारलं होतं ते ऐका. शर्यतीच्या दोन महिने आधी, सात रस्त्याला चहा घेताना.

"नाव घातलंय बे."
"किती?"
"पन्नास."
"अन् सध्या पळतोस किती?"
"दहा-बारा. होतंय की बे!"

मी हसलो, चहाचे पैसे दिले आणि म्हणालो, फोटो पाठव, बातमी करू. एवढीच माझी चौकशी.

सोलापूरच्या या 'होतंय की'वर माझं प्रेम आहे. गिरण्या बंद पडल्या, पाणी चार-पाच दिवसांनी आलं, उन्हाळ्यात पारा त्रेचाळीसवर गेला, तरी हे गाव 'होतंय की' म्हणत उठतं आणि कामाला लागतं. पण मांडीच्या स्नायूला 'होतंय की' कळत नाही. त्याला फक्त एवढंच कळतं की गेल्या चार महिन्यांत आपल्याला काय काय सोसायला लावलं.

मित्राची तयारी नंतर मी त्याच्याच घड्याळातून काढली. सात आठवडे. सगळ्यात लांब पळणं अठरा किलोमीटर, तेही होटगी रोडच्या सपाटीवर. चढ-उतार म्हणाल तर रेल्वेच्या पुलाचा. या तयारीवर तो घाटातल्या पन्नासला गेला. चौतिसाव्या किलोमीटरला दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले, खाली बसला. तिथल्या स्वयंसेवक पोराने स्प्रे मारला, वेदनाशामक गोळी दिली आणि म्हणाला, "सर, एवढं आलात तर आता सोडू नका." त्याने नंतर खिशातली आणखी एक गोळी घेतली. उरलेलं अंतर चालत, घसटत काढलं. वेळेची मर्यादा संपून गेली होती. पण आयोजकांनी मोठ्या मनाने ती वाढवली, म्हणजे सगळ्यांना मेडल मिळावं. रात्री गाडीत पाय उचलेना. दुसऱ्या दिवशी लघवी कोकाकोलासारखी काळपट. ती पाण्याची कमतरता समजून त्याने तीन लिटर पाणी प्यायलं आणि दुपारी दुकान उघडलं. संध्याकाळी उलट्या. तिसऱ्या दिवशी दवाखाना आणि पेपरात माझी बातमी.

डॉक्टरांनी मला जे सांगितलं ते साध्या भाषेत असं. स्नायूला सवय नसताना तासन्‌तास राबवलं, विशेषतः उतारावर, तर त्याच्या पेशी फुटतात. आतलं मायोग्लोबिन नावाचं द्रव्य रक्तात उतरतं. ते गाळायचं काम किडनीचं. शरीरात पाणी कमी, अंग तापलेलं, त्यात वर वेदनाशामक गोळ्या, ज्यांनी किडनीचा रक्तपुरवठा आणखी आकसतो. किडनीच्या नळ्या तुंबतात. रॅब्डोमायोलिसिस म्हणतात याला. लघवीचा तो काळपट रंग म्हणजे शरीराने दिलेली सूचना असते, आणि ती दिसल्याबरोबर दवाखाना गाठायचा असतो, दुकान उघडायचं नसतं. त्याला चार वेळा डायलिसिस लागलं. वाचला. किडनी परत चालू झाली. खर्चाचा आकडा त्याच्या परवानगीशिवाय लिहीत नाही, पण दुकानाचा एक गाळा त्याने भाड्याने दिलाय एवढं सगळ्या बाजाराला दिसतंय.

यात चूक त्याची आहेच. त्याला मी आयसीयूच्या बाहेर आल्यावर भरपूर बोललोय. पण मला राग त्याच्यापेक्षा दुसऱ्यांचा आलाय. त्या शर्यतीचा फॉर्म मी उघडून बघितला. नाव, जन्मतारीख, रक्तगट, बिबवर छापायचं नाव, घरच्यांचा नंबर, टी-शर्टची साईज, आणि साईजमध्ये पुन्हा छातीचं माप इंचात. पैसे कसे भरणार. खाली बारीक अक्षरात, मी धोके समजून स्वेच्छेने सहभागी होत आहे, काही झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत, त्यापुढे टिचकी मारायची चौकट. याआधी तुम्ही किती अंतर पळालात, कधी पळालात, किती वेळात पळालात, हा प्रश्न पूर्ण फॉर्मात नाही. बीपी, शुगर, घरात कुणी कमी वयात हार्ट अटॅकने गेलं का, नाही. छातीचं माप हवं, छातीच्या आत काय चाललंय ते नको.

असं विचारणं शक्यच नाही, असं कुणी सांगू नये. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमॅरित्झबर्ग या दोन शहरांमध्ये कॉम्रेड्स मॅरेथॉन होते. साधारण ८८ ते ९० किलोमीटर. पश्चिम महाराष्ट्रातून दरवर्षी माणसं जातात आणि आपल्याकडे त्यांचे फ्लेक्स लागतात. त्या शर्यतीत उभं राहायचं असेल तर आधी पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, ठरलेल्या वेळेच्या आत संपवल्याचा पुरावा लागतो. गेल्या काही वर्षांत ही मर्यादा ४ तास ५० मिनिटं होती. पुरावा नाही तर जागा नाही. आणि बारा तास झाले की बंदूक वाजते. दहा पावलांवर असलात तरी तुम्ही 'फिनिशर' नाही. माणसं रडतात तिथं. तरी पुढच्या वर्षी जास्त तयारी करून येतात. आपल्याच देशात लडाखला खारदुंग ला चॅलेंज ही ७२ किलोमीटरची शर्यत आहे, तिथंही आधीची कामगिरी बघतात आणि विरळ हवेची सवय व्हावी म्हणून बरेच दिवस आधी यायला लावतात.

मग आपल्या आसपासच्या जिल्ह्यांत दर दोन रविवारी निघणाऱ्या पन्नाशीच्या आणि घाटातल्या शर्यतींत हे का नाही? कारण सरळ आहे. अट घातली की नावं कमी येतात. नावं कमी आली की फी कमी, फी कमी की प्रायोजक विचारतो, गर्दी किती? ड्रोनच्या व्हिडिओत रस्ता भरलेला दिसायला हवा. उद्घाटनाला येणाऱ्या नेत्यालाही तेच हवं. दोनशे तयार माणसांपेक्षा दोन हजार बिनतयारीची माणसं सगळ्यांच्या फायद्याची. फक्त त्या दोन हजारांच्या घरच्यांच्या नाही.

आता आकड्यांचं प्रामाणिकपणे बोलू. नाहीतर म्हणाल पत्रकार भीती घालतोय.

लांब पळताना मरण्याची शक्यता फार कमी आहे. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉन पळालेल्या सुमारे १ कोटी ९ लाख धावकांचा अभ्यास झाला, २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५९ जणांचं हृदय शर्यतीत बंद पडलं, ४२ गेले. म्हणजे हृदय बंद पडण्याचं प्रमाण दोन लाखांत एक. पण त्याच अभ्यासात बघा, पूर्ण मॅरेथॉनमध्ये हे प्रमाण हाफपेक्षा जवळजवळ चौपट. सरासरी वय ४२. जास्त करून पुरुष. म्हणजे माझ्याच वयाचा, आमच्याच ग्रुपमधला माणूस. आणि हे अमेरिकेचे आकडे. आपल्याकडे हृदयविकार तिथल्यापेक्षा काही वर्षं आधीच दार ठोठावतो, हे सोलापुरातला कुठलाही हृदयरोगतज्ज्ञ सांगेल.

आपल्याकडेही घडलंय. मुंबई मॅरेथॉनमध्ये जानेवारी २०२० ला ज्येष्ठ नागरिकांच्या धावेत एक गृहस्थ गेले. जानेवारी २०२४ ला एकाच दिवशी दोघं गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये एक तरुण धावक कोसळला, वाचला नाही. या माणसांची तयारी कमी होती असं मी अजिबात म्हणत नाही. गेलेल्या माणसावर बोट दाखवायचं आणि आपण मोकळं व्हायचं, हा आपला जुना धंदा आहे, तो मला करायचा नाही. तयारी असलेलाही पडू शकतो. मुंबईसारख्या शर्यतीत रस्त्याकडेला वैद्यकीय पथकं, रुग्णवाहिका, जवळ मोठी रुग्णालयं असतात. एवढं असून हे होतं. मग जिथं तालुक्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची एक गाडी घाटाच्या पायथ्याला उभी करून 'वैद्यकीय सुविधा उपलब्ध' असं छापतात, तिथं तिसाव्या किलोमीटरला पडलेल्या माणसाचं काय?

त्याच अभ्यासकांनी पुढे २०२३ पर्यंतचे आकडे काढले. हृदय बंद पडण्याचं प्रमाण तेवढंच राहिलं, पण मरण्याचं निम्म्यावर आलं. जादू नाही. छाती दाबणारी शिकलेली माणसं आणि शॉक देणारं यंत्र, एईडी, मिनिटांत पोचायला लागलं. हृदय थांबल्यावर एकेक मिनिट महाग असतं. पुढच्या वेळी फॉर्म भरताना आयोजकाला फोन करून विचारा, साहेब, मार्गावर एईडी किती आणि कुठं? उत्तर काय येतं ते मला कळवा. मी दोन जणांना विचारलं. एकाने 'ते काय असतं' विचारलं. दुसरा म्हणाला, "डीजे आहे, एईडी बघू."

हृदयापेक्षा जास्त वेळा घडणारी आणि बातमीत कधीच न येणारी गोष्ट म्हणजे ऊन लागणं. आपण सोलापूरचे, आपल्याला वाटतं ऊन आपल्याला काय करणार. करतं. पळताना आतूनच भट्टी पेटलेली असते. घाम वाळला तर अंग थंड होतं. मुंबई, गोव्याच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, आणि सोलापूरच्या कोरड्या हवेत सराव केलेला माणूस तिथं फसतो. आतलं तापमान चाळीसच्या वर गेलं की मेंदू गडबडतो. माणूस वाकडातिकडा पळायला लागतो, असंबद्ध बोलतो, चिडतो. आणि आपण काय करतो? टाळ्या वाजवतो. "चला काका, चला, शेवटचे दोन!" तो काका त्या क्षणी शर्यतीत नसतो, तो मरणाच्या दारात असतो. त्याला तिथंच थांबवून, कपडे सैल करून, बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवायचं असतं. आधी थंड करायचं, मग गाडीत घालायचं. टब म्हणजे काही विलायती यंत्र नाही. प्लास्टिकची मोठी टाकी आणि बर्फाच्या लाद्या. लग्नात पाण्याच्या बाटल्या थंड करायला आपण ठेवतोच की.

पाण्याचंही तसंच. नवख्या माणसाला सगळे सांगतात, पाणी पीत राहा. तो सहा-सात तास रेंगाळत जातो, प्रत्येक टेबलावर दोन ग्लास पितो. रक्तातलं मीठ पातळ होतं, मेंदूला सूज येते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावकांपैकी १३ टक्के लोकांचं सोडियम कमी सापडलं होतं, आणि त्याच शर्यतीत एक तरुणी त्यानेच गेली होती. जास्त वेळ रस्त्यावर राहणारा, म्हणजे कमी तयारीचा, तोच यात जास्त सापडतो. तहान लागली की प्या, एवढं साधं आहे. पण साधी गोष्ट सांगायला कुणी कोच फी घेत नाही.

कोच म्हटल्यावर आठवलं. 'सहा आठवड्यांत हाफ, बारा आठवड्यांत फुल' अशा जाहिराती सध्या माझ्या मोबाईलवर रोज येतात. पळायला लागल्यावर दम लागायचा पहिल्या दीड-दोन महिन्यांत कमी होतो. तिथंच माणूस फसतो. छाती म्हणते, चल. पण कंडरा, सांधे आणि हाडं तयार व्हायला महिनोन्‌महिने लागतात. आठवड्याला अंतर साधारण दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये असा जुना ठोकताळा आहे. आज खरोखर पंचवीस किलोमीटरचा आठवडा असलेल्या माणसाने हिशेब घालावा, मॅरेथॉनच्या तयारीचा आठवडा कधी येतो. आधीच नियमित पळणाऱ्यालाही मॅरेथॉनसाठी चार-साडेचार महिने लागतात, त्यात तीसच्या आसपास एक-दोन लांब पळणी. शून्यातून सुरू करणाऱ्याला वर्ष. घाटातली पन्नास त्याच्याही पुढची.

इथं कुणीतरी हमखास लिहिणार की आमची आजी पंढरपूरला चालत जाते, तिनं कुठं ट्रेनिंग घेतलं? आजीला माझा नमस्कार. पण आजी कशी जाते ते बघा. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, आणि त्याला तीन आठवड्यांच्या जवळपास वेळ. रोज ठरलेलं अंतर. मध्ये विसावा, दुपारचं जेवण, रात्री मुक्काम. दिंडीतला एखादा मागे राहिला तर त्याला कुणी घड्याळ दाखवत नाही. आणि ती आजी वर्षभर शेतात उभी असते, तेच तिचं ट्रेनिंग. आपलंच बघा ना. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणारे लाखांनी असतात, पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. मीही कॉलेजात असताना गेलोय. वर्षभर खुर्चीत बसलेले आम्ही अर्ध्या वाटेत लंगडायला लागलो होतो. मंडपात बसलो, कुणीतरी पायाला तेल लावलं, चहा दिला, आणि आमच्यातले दोघे उरलेल्या वाटेला एसटीत बसून गेले. देवी त्यांच्यावर रागावली नाही. पुजाऱ्याने विचारलं नाही, किती तासांत आलात. त्या गर्दीतही माणसं आजारी पडतात, अपघात होतात, सगळं गोड नाही. पण तिथं थांबण्यात लाज नाही. आजच्या शर्यतीत थांबलेल्याला नाव आहे, 'डीएनएफ', आणि ते नाव लागू नये म्हणून माणूस किडनी पणाला लावतो.

लांब पळणं आपल्या मातीला नवीन नाही. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले होते, दोन तास पन्नास मिनिटांत. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांनी मुंबई मॅरेथॉन भारतीय महिलांत सलग जिंकली. या माणसांच्या अंगात ते अंतर वर्षानुवर्षं मुरलेलं होतं. आपण त्यांचा फोटो स्टेटसला ठेवतो आणि त्यांची वर्षं मात्र वगळतो.

आणि एक वेगळी शर्यत आहे, तिचा फ्लेक्स लागत नाही. पहाटे पार्क स्टेडियमच्या बाजूला, विजापूर रोडला जी पोरं अनवाणी नाहीतर फाटक्या बुटात पळतात, ती भरतीची. जून २०१४ ला मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावेत उन्हात पळताना काही उमेदवारांचा जीव गेला. ओरड झाली, मग सरकारने अंतर कमी केलं. दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, झारखंडमध्ये उत्पादन शुल्क खात्याच्या भरतीत एका तासात दहा किलोमीटरची अट होती, दहाच्या वर पोरं गेली. जाहिरात कधी निघेल माहीत नाही, निघाली की महिन्यात मैदानी, मग पोरगा चार आठवड्यांत चार महिन्यांचं पळतो, कुणीतरी दिलेली इंजेक्शनं घेतो. त्याच्यापुढे नोकरी असते, त्याला मी काय बोलणार? पण ज्याचं पोट भरलेलं आहे, ज्याला कुणी पळायला लावलेलं नाही, त्याने मेडलसाठी तेच करावं याला काय म्हणायचं.

चीनमध्ये मे २०२१ ला गान्सू प्रांतात डोंगरातली शंभर किलोमीटरची शर्यत झाली. १७२ जण धावले, २१ गेले. वारा, गारपीट, थंडी. त्यांत देशातले नावाजलेले धावक होते, बिनतयारीचे नव्हते. ऊबदार जाकीट सोबत ठेवणं सक्तीचं नव्हतं, आणि नेमक्या अवघड टप्प्यावर मदत पोचायला रस्ता नव्हता. तिथल्या सरकारने त्यानंतर अशा शर्यती थांबवल्या, अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. आयोजक चुकला तर तयार माणूसही वाचत नाही, हे गान्सूने दाखवलं. आपल्याकडे तयार नसलेला माणूस आणि तयार नसलेला आयोजक एकाच रेषेवर उभे असतात आणि पाहुणे हिरवा झेंडा दाखवतात.

आता माझ्या जातभाईंबद्दल, म्हणजे पत्रकारांबद्दल. २००६ साली ओडिशात चार वर्षांच्या बुधिया सिंगला पुरी ते भुवनेश्वर ६५ किलोमीटर पळवलं. कॅमेरे बरोबर होते. शेवटी ते पोर कोसळलं, तेही टीव्हीवर दाखवलं. देशभर कौतुक झालं, नंतर सरकारने त्याच्या अशा धावण्यावर बंदी घातली. तेव्हा मी नवीन होतो, आम्हीही ती बातमी चौकटीत घेतली होती. मथळ्यात 'विक्रमवीर' लिहिलं होतं. आज वीस वर्षांनी मी तेच करतोय, फक्त पोराचं वय चव्वेचाळीस आहे. मी माझी जुनी कात्रणं काढून बघितली. धावण्याच्या बातम्यांत संख्या, झेंडा दाखवणाऱ्याचं नाव, प्रायोजक, विजेते, सगळं आहे. किती जणांनी मध्येच सोडलं, किती दवाखान्यात गेले, हे एकाही बातमीत नाही. एकाही. कुणी दाबलं नव्हतं, मी विचारलंच नव्हतं. जाहिरात देणाऱ्याला अवघड प्रश्न न विचारण्याची सवय अंगात इतकी मुरते की मग ती सवय आहे हेही कळत नाही.

काही मित्र म्हणाले, असं लिहू नकोस, लोक आता कुठं घराबाहेर पडायला लागलेत. खरं आहे. संभाजी तलावावर, पार्कवर पहाटे जी गर्दी असते ती बघून मला बरंच वाटतं. शुगरच्या गोळ्या कमी झालेली माणसं मी ओळखतो. रोज पाच किलोमीटर पळणारा, दहा वर्षं न चुकता पळणारा एक निवृत्त शिक्षक आमच्या गल्लीत आहेत. त्यांचा फ्लेक्स कधी लागला नाही, मी बातमी केली नाही. पाचवाल्याला आपण 'फक्त पाच?' म्हणतो. दहावाल्याला 'हाफ कधी?', हाफवाल्याला 'फुल कधी?', फुलवाल्याला 'आयर्नमॅन कधी?'. तिथं तर ३.८ किलोमीटर पोहायचं, १८० सायकल आणि मग पूर्ण मॅरेथॉन. ज्याने आयुष्यात विहिरीत उडी मारलेली नाही तोही ग्रुपवर अंगठा दाखवतो. या 'कधी?'नेच माझा मित्र पन्नासला गेला. त्याच्या ग्रुपमध्ये सात जणांनी नाव घातलं होतं, तो आठवा. मागे राहायचं नव्हतं.

म्हणून मी माझ्यापुरतं ठरवलंय, आणि इथं जाहीर लिहितोय म्हणजे मोडता येणार नाही. हाफच्या पुढच्या कुठल्याही शर्यतीची बातमी मी आधी चार प्रश्न विचारल्याशिवाय करणार नाही. आधीची कामगिरी बघितली का? मार्गावर डॉक्टर, एईडी आणि बर्फ कुठं कुठं होतं? वेळेची मर्यादा पाळली की मेडल वाटायला वाढवली? किती जणांनी सोडलं आणि किती जणांना उपचार लागले? उत्तरं मिळाली तर विजेत्याच्या फोटोखाली तीही छापून येतील. मिळाली नाहीत तर 'आयोजकांनी माहिती दिली नाही' हे वाक्य येईल. संपादकांशी बोललोय. ते म्हणाले, जाहिरात विभागाशी मी बोलतो. बघू.

ज्या आयोजकांना राग आला असेल त्यांनी माझा नंबर आहेच, फोन करा, तुमची बाजू शब्दन्‌शब्द छापतो. पळणाऱ्यांनी, त्यातही ज्यांना शर्यतीत काही त्रास झाला आणि लाजेने कुणाला सांगितलं नाही, त्यांनी इनबॉक्समध्ये लिहा. नाव येणार नाही.

मित्र आता बरा आहे. डॉक्टरांनी सहा महिने पळायचं नाही, फक्त चालायचं असं सांगितलंय. काल संध्याकाळी दुकानात गेलो होतो. मेडल काउंटरच्या मागे खिळ्याला टांगलेलं आहे, त्याच्या शेजारी माझ्या बातमीचं कात्रण, लॅमिनेशन केलेलं. म्हटलं, काढ ते. म्हणाला, "राहू दे बे, गिऱ्हाईक विचारतंय." मग त्या शर्यतीवाल्यांचा मेसेज दाखवला. पुढच्या वर्षीची नोंदणी सुरू झालीय, जुन्या फिनिशरना दहा टक्के सूट. खाली टी-शर्टच्या साईजचा तक्ता.